तीन वर्षं, सोळा महिने, सहा तास

ध्रुवीय समुद्रातल्या सगळ्या गोष्टींत मला सगळ्यात जास्त आवडते ती एका विजारीची. १८८१च्या जूनमध्ये ‘जेनेट’ नावाचं अमेरिकन जहाज सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं. पुढे तीन वर्षांनी, १८८४ साली, ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ, म्हणजे ध्रुवाच्या पार पलीकडच्या अंगाला, बर्फाच्या एका लादीवर थोडं सामान सापडलं. कॅप्टन डी लाँगच्या सहीची शिध्याची यादी, टोपीचा एक तुकडा आणि मेणकापडाची एक विजार. विजारीवर जेनेटच्या एका खलाशाचं नाव होतं. ती तिथे कोणी नेऊन टाकली नव्हती. बर्फच तिला ध्रुवीय समुद्र ओलांडून घेऊन आला होता.

नॉर्वेतले हवामानशास्त्रज्ञ हेन्रिक मोन यांनी यावर वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि तो फ्रित्यॉफ नान्सेन या तेवीस वर्षांच्या तरुणाने वाचला. विजार जाते, तर जहाज का जाणार नाही? सरळ प्रश्न. पण त्या काळातल्या नामांकित ध्रुववीरांना तो वेडेपणाचा वाटला. अमेरिकेचे ॲडॉल्फस ग्रीली यांनी तर हा मरायला निघण्याचा बेत आहे अशा अर्थाची जाहीर टीका केली. ग्रीलींच्या स्वतःच्या मोहिमेत पंचवीसपैकी जेमतेम सहा माणसं घरी परतली होती, तेव्हा त्यांचं बोलणं अगदीच हवेतलं नव्हतं.

नान्सेनने जहाज बांधून घेतलं ते कॉलिन आर्चरकडून. त्याचं नाव ‘फ्राम’. तोवरची सगळी जहाजं बर्फाशी झुंजायला निघत आणि बर्फ त्यांना दोन्ही बाजूंनी दाबून फोडत असे. आर्चरने झुंजायचा विचारच सोडला. त्याने फ्रामचं पोट गोल ठेवलं, कडा-कोपरे घासून काढले, म्हणजे बर्फाने आवळलं की जहाज वरच्या वर उचललं जाईल आणि बर्फावर बसेल. ३९ मीटर लांब आणि तब्बल ११ मीटर रुंद. बाजू दोन फुटांहून जाड लाकडाच्या. आतल्या भिंतींना डांबर लावलेला नमदा, बूच, फळ्या, रेनडिअरचे केस, लिनोलियम असे थरावर थर. तीन डोलकाठ्या, शिडं, शिवाय वाफेचं इंजिन. या गोल पोटाची किंमत मात्र मोकळ्या समुद्रात मोजावी लागली. फ्राम इतकी लोळायची की मुरलेल्या दर्यावर्दींचीही पोटं ढवळत.

कोकणात आगोटीला चार महिन्यांचं भरून ठेवतात. फ्रामने पाच वर्षांचं भरलं होतं. २४ जून १८९३ रोजी ती ख्रिस्तियानियाहून, म्हणजे आजच्या ऑस्लोहून निघाली. वाटेत चौतीस कुत्री घेतली. सप्टेंबरच्या शेवटी न्यू सायबेरियन बेटांच्या उत्तरेला बर्फ तिच्याभोवती घट्ट झाला, आणि तेरा माणसं थांबली.

त्यांचं हे थांबणं मला सतत खुणावत राहतं. डेकवर पवनचक्की उभी होती, तिच्यावर वीज तयार होई आणि ध्रुवीय रात्रीत आत दिवे लागत. पेटीसारखा एक ऑर्गन होता. ‘फ्रामस्या’ नावाचं हस्तलिखित वर्तमानपत्र निघे. त्याचे संपादक जहाजाचे डॉक्टर ब्लेसिंग, कारण डॉक्टरांकडे रुग्णच नव्हते! आधीच्या मोहिमांत स्कर्व्हीने माणसं मरत. इथे लोकांची वजनं वाढली. १७ मे हा नॉर्वेचा राष्ट्रीय दिवस. त्या दिवशी निशाणं घेऊन बर्फावरून मिरवणूक निघे. प्यायला पाणीही बर्फाचंच. समुद्राचा जुना बर्फ वर्षानुवर्षं टिकला की त्यातलं मीठ हळूहळू झिरपून जातं आणि तो वितळवून पिता येतो. नवा बर्फ खारट, जुना गोड. फ्रामवरच्या खानसाम्याला हे कळणं भागच होतं.

सगळेच दिवस असे सुखाचे गेले नाहीत. १८९५च्या जानेवारीत बर्फाचा एक मोठा ढीग सरकत सरकत फ्रामवर येऊन चढला, गलबत गाडलं जाणार असं दिसू लागलं, तेव्हा सामान बाहेर काढून जहाज सोडायची तयारी झाली होती. पण आर्चरचा हिशोब खरा ठरला. जहाज करकरलं, उचललं गेलं आणि टिकलं.

नान्सेनला मात्र हे थांबणं सोसवलं नाही. बर्फ आपल्याला थेट ध्रुवावरून नेणार नाही हे लक्षात आल्यावर १४ मार्च १८९५ रोजी योहानसेन या साथीदाराला घेऊन तो कुत्र्यांच्या गाड्यांनी ध्रुवाकडे निघाला. ८६ अंश १४ मिनिटांपर्यंत पोहोचला, मागे वळला, फ्रान्झ योसेफ बेटांवर दगडी झोपडीत अस्वल आणि वॉलरस खाऊन हिवाळा काढला आणि योगायोगाने फ्रेडरिक जॅक्सन नावाच्या इंग्रजाला भेटला म्हणून वाचला. चित्रांत, पुस्तकांत, पुतळ्यांत तोच असतो. माझा कौल मात्र ओटो स्वेर्ड्रुपला. हा कप्तान फ्रामवरच राहिला, दहा माणसं सांभाळली, शेवटी जहाज बर्फातून सोडवलं आणि सगळ्यांना घरी आणलं. पुतळ्याला न शोभणारं काम, पण मोहीम खरी त्यानेच पुरी केली.

आणि मग तारांची गंमत. १३ ऑगस्ट १८९६ला नान्सेन नॉर्वेच्या वार्डो बंदरात उतरला आणि त्याने जगाला तारा केल्या. फ्रामचा पत्ता नव्हता. त्याच दिवशी, तिकडे स्वालबार्डच्या जवळपास, फ्राम बर्फातून सुटली होती. कुणाला कुणाची खबर नाही. आठवड्याभराने स्वेर्ड्रुप शेर्वॉयला पोहोचला आणि हॅमरफेस्टमध्ये असलेल्या नान्सेनच्या हातात तार पडली. तीन वर्षांचा प्रवास आणि त्याची बातमी आठवड्याच्या अंतराने दोन तुकड्यांत आलेली!

आता इथे थोडं सावध व्हायला हवं. ऑर्गन आणि मिरवणुका आठवून गहिवरायचं, तर फ्रँकलिनलाही आठवायला हवं. १८४५ साली ‘इरेबस’ आणि ‘टेरर’ ही त्याची दोन जहाजं वायव्य मार्ग शोधायला, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेच्या बेटांमधून पॅसिफिकला जायला निघाली. त्यांच्यावरचे १२९ जण परतले नाहीत. १८४६च्या सप्टेंबरात किंग विल्यम बेटाजवळ जहाजं अडकली, १८४७च्या जूनमध्ये फ्रँकलिन वारला, १८४८च्या एप्रिलमध्ये उरलेल्यांनी जहाजं सोडली आणि चालत निघाले. दीडशेहून जास्त वर्षांनी इरेबस २०१४मध्ये आणि टेरर २०१६मध्ये समुद्राच्या तळाशी सापडली. जुन्या काळच्या सबुरीचं कौतुक करताना या लोकांचीही सबुरीच होती, हे विसरून चालत नाही. दोन हिवाळे तेही थांबलेच होते.

त्याच पाण्यात, सुमारे साठ वर्षांनी, रोआल्ड आमुंडसेन सहा साथीदार घेऊन ‘यॉआ’ नावाच्या जुन्या मासेमारी नौकेतून गेला. यॉआ १८७२ सालची, जेमतेम सत्तर फूट लांब, १३ अश्वशक्तीचं इंजिन. घेणेकरी जहाज अडवतील या भीतीने १९०३च्या जूनमध्ये एका पावसाळी मध्यरात्री गुपचूप निघालेली. किंग विल्यम बेटाच्या दक्षिणेला एका निवाऱ्याच्या खाडीत तिने दोन हिवाळे काढले. त्या जागेला आज यॉआ हेवन म्हणतात. हे दोन हिवाळे त्यांनी अडकून काढले नाहीत, मुद्दाम काढले. चुंबकीय ध्रुवाची मोजमापं घ्यायची होती. पण त्या काळातली खरी कमाई म्हणजे नेत्सिलिक इनुइट लोकांची शिकवणी. रेनडिअरच्या कातड्याचे सैल कपडे, आत एक थर केसांची बाजू अंगाकडे करून, वरचा थर केसांची बाजू बाहेर करून. घाम आला तर जीव जातो, म्हणून कधीच घाई करायची नाही. बर्फाचं घर कसं बांधायचं, कुत्री कशी जुंपायची. फ्रँकलिनच्या माणसांनी याच लोकांच्या मुलखात लोकरीचे कोट घालून प्राण सोडले. पुढे दक्षिण ध्रुवावर आमुंडसेन पोहोचला तो याच शिकवणीच्या जोरावर.

त्याची तारही ऐकण्यासारखी आहे. मार्ग जवळजवळ पार झाला, पण तिसऱ्या हिवाळ्यात यॉआ अडकली. तेव्हा आमुंडसेन डोंगर ओलांडून शेकडो किलोमीटर अलास्कातल्या ईगल गावापर्यंत गेला, कारण तारघर तिथे होतं. १९०५च्या डिसेंबरात त्याने नान्सेनला लांबलचक तार केली. पैसे खिशात नव्हते, म्हणून तारेचा खर्च घेणाऱ्यावर. आणि मजकूर नान्सेनकडे पोहोचायच्या आत तो वाटेत फुटून अमेरिकन वर्तमानपत्रांत छापूनही आला. बातमी फुटण्याची परंपरा बरीच जुनी आहे म्हणायची.

यानंतर कॅनडाच्या घोडदळ पोलिसांचं ‘सेंट रॉक’ आलं. कप्तान हेन्री लार्सन. पश्चिमेकडून पूर्वेकडे जायला त्यांना १९४० ते १९४२ लागले, वाटेत दोन हिवाळे अडकून, एक सहकारी गमावून. परतीला, १९४४मध्ये, दुसऱ्या वाटेने ८६ दिवस. ते लाकडी जहाज आज व्हँकुव्हरच्या संग्रहालयात छपराखाली उभं आहे. यॉआ सान फ्रान्सिस्कोच्या बागेत कित्येक दशकं उन्हापावसात सडत होती. १९७२ साली तिला ऑस्लोला परत नेलं आणि आता ती फ्रामच्या शेजारी आहे. शॅकल्टनबद्दल मी इथे लिहीत नाही, त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. एवढंच, की त्याची ‘एन्ड्युरन्स’ २०२२मध्ये वेडेल समुद्रात ३,००८ मीटर खोल सापडली आणि तिच्या मागच्या बाजूचं नाव अजून वाचता येत होतं. त्या थंड पाण्यात लाकूड पोखरणारे किडे नाहीत.

आता वायव्य मार्गाच्या त्याच वाटेने अॅल्युमिनियमच्या किंवा फायबरच्या छोट्या शिडाच्या नौका एका उन्हाळ्यात जातात. २००७च्या सप्टेंबरात उपग्रहाच्या चित्रांत वायव्य मार्ग सलग उघडा दिसला आणि बातम्या झाल्या. तेव्हापासून हौशी दर्यावर्दींची रीघ सुरू आहे. बर्फ गेला असं समजणाऱ्यांची फजितीही त्याच वाटेवर होते. उत्तरेकडचा जुना, जाड बर्फ पातळ बर्फाचा अडसर नाहीसा झाला की खाली घसरतो आणि नेमका चिंचोळ्या सामुद्रधुन्यांत येऊन तुंबतो. २०१८च्या ऑगस्टमध्ये बेलॉट सामुद्रधुनीजवळ अशीच एक शिडाची नौका बर्फाने आवळून बुडाली. तिच्यावरच्या दोघांना बर्फाच्या लादीवरून हेलिकॉप्टरने उचललं. ते हेलिकॉप्टर कॅनडाच्या बर्फफोड्या जहाजाचं होतं, आणि त्या जहाजाचं नाव ‘हेन्री लार्सन’. सेंट रॉक १९४२ साली याच बेलॉटमधून गेलं होतं.

पूर्वी बर्फ वाचणारा माणूस डोलकाठीच्या टोकाला पिंपात उभा असे. पिंपाची ही युक्ती व्हिटबीच्या विल्यम स्कोर्सबीची, १८०७ सालची. वरून त्याला ढगांच्या पोटावर पांढरट चकाकी दिसली की खाली बर्फ. तोच ढग काळसर, मळकट दिसला की खाली मोकळं पाणी. क्षितिजापलीकडचं पाणी आभाळात वाचायचं. दिवसातून कित्येकदा, वाऱ्यात, बोटं बधिर झालेली असताना. आता रडार बसवलेला उपग्रह रात्री, ढगातूनही बर्फ टिपतो, आणि बर्फाचा नकाशा नौकेवरच्या टॅबलेटवर येतो. २०१७पासून ध्रुवीय पाण्यात जाणाऱ्या मोठ्या जहाजांना आंतरराष्ट्रीय ध्रुवसंहिता लागू आहे: जहाज कसं हवं, कप्तानाचं प्रशिक्षण काय, घाण कुठे टाकायची नाही. हे सगळं चांगलंच आहे, कोणी कितीही हळहळो. पिंपातल्या माणसाबद्दल मला माया वाटते, पण माझा मुलगा त्या पिंपात असावा असं वाटत नाही.

फ्रामच्या प्रवासाची पुनरावृत्ती मात्र झाली आणि तीही शिडाच्या जहाजाने. ‘तारा’ ही फ्रेंच शिडनौका १९८९ची, अॅल्युमिनियमची, ३६ मीटर लांब. तिचं पोट फ्रामसारखंच गोल, बर्फाने आवळलं की वर उचललं जाणारं. शंभर वर्षांनीही आर्चरला ओलांडून जाणारी कल्पना कुणाला सुचली नव्हती! सप्टेंबर २००६मध्ये ती बर्फात शिरली आणि जानेवारी २००८मध्ये बाहेर आली. सोळा महिन्यांहून थोडं जास्त. निघताना कितीतरी जास्त काळ लागेल असा अंदाज होता. चौतीस कुत्र्यांऐवजी दोनच कुत्री, अस्वलांची चाहूल लागावी म्हणून.

मग २०१९च्या ऑक्टोबरात ‘पोलारश्टेर्न’ हे जर्मन संशोधन जहाज एका लादीला दोरांनी बांधून घेतलं. वर्षभराची मोहीम, वीस देशांचे शास्त्रज्ञ, एका फळीनंतर दुसरी फळी. ती लादी सुमारे दहा महिन्यांतच फ्राम सामुद्रधुनीपर्यंत पोहोचली आणि जुलै २०२०च्या शेवटी फुटून गेली. पुढच्याच महिन्यात पोलारश्टेर्न उत्तर ध्रुवावर गेलं, तेही सहज. ज्या ध्रुवासाठी नान्सेन जहाज सोडून कुत्र्यांच्या मागे धावला, तिथे या जहाजाला मध्ये पातळ बर्फ आणि वितळलेल्या पाण्याची डबकी एवढंच भेटलं. तिन्ही प्रवासांची सुरुवात एकाच ठिकाणाहून झाली नव्हती, म्हणून आकडे काटेकोर लावू नयेत. पण दिशा उघड आहे. जाड बर्फ वाऱ्याला दाद देत नाही, पातळ बर्फ वाऱ्याबरोबर पळत सुटतो.

त्या मोहिमेत घडलेली एक गोष्ट नान्सेनला कळली असती तर त्याने कपाळावर हात मारला असता. २०२०च्या वसंतात जहाजावरच्या लोकांना बदलायला येणारी विमानं रद्द झाली. कारण बर्फ नव्हे, कोरोना. जहाजाला आपली लादी सोडून स्वालबार्डच्या एका खाडीपर्यंत माणसं बदलायला यावं लागलं. बाहेर सगळं जग घरात कोंडलेलं आणि बर्फात अडकायला गेलेले लोक मोकळ्या हवेत.

आपल्याकडची गोष्ट या सगळ्यानंतरची, पण ताल तोच. ६ डिसेंबर १९८१ रोजी मुरगाव बंदरातून ‘पोलर सर्कल’ हे भाड्याने घेतलेलं नॉर्वेजियन जहाज एकवीस भारतीयांना घेऊन निघालं. मोहिमेचे नेते डॉ. सय्यद झहूर कासिम, दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेचे एके काळचे संचालक. मोहीम गाजावाजा न करता निघाली होती. ९ जानेवारी १९८२ला ते अंटार्क्टिकावर उतरले आणि मग बातमी आली. आमच्या घरी पेपर समोर ठेवून शाळेचा नकाशा उघडला गेला. त्या नकाशात अंटार्क्टिका म्हणजे तळाशी पसरलेली एक पांढरी पट्टी होती. बंदर सापडलं, जहाजाची वाट बोटाने आखली, पण उतरले कुठे ते दाखवायला पट्टीवर एकही नाव नव्हतं. एकवीस जण फेब्रुवारीत गोव्यात परतले. जायला महिना, यायला जवळपास तेवढाच, आणि मुक्काम त्याहून कमी.

पुढच्या वर्षांत ‘दक्षिण गंगोत्री’ हा तळ उभा राहिला, मग ‘मैत्री’, २०१२ला ‘भारती’. जहाजं वर्षानुवर्षं गोव्याहून सुटत होती. मग केपटाउन हे निघण्याचं ठिकाण झालं. आता मैत्रीच्या माणसांपैकी पुष्कळ जण केपटाउनहून विमानात बसतात आणि साधारण सहा तासांनी रशियन नोवो तळाजवळच्या निळ्या बर्फाच्या धावपट्टीवर उतरतात. जड सामान अजून जहाजानेच जातं. वादळी दक्षिण समुद्रातले ते आठवडे, उलट्या, पहिल्या हिमनगासाठी डेकवर झालेली धावपळ, हे सगळं ज्यांच्या वाट्याला आलं ती पिढी आता निवृत्त आहे. त्यांच्यापैकी कुणी सभेत बोलायला उभं राहिलं की तळावरच्या प्रयोगांपेक्षा जहाजाच्याच गोष्टी जास्त सांगतं.

अजून जुन्याच गतीने जातं ते टपाल. अंटार्क्टिकावरचं भारतीय टपालघर गोव्याच्या टपाल विभागात मोडतं. एप्रिल २०२४मध्ये ‘भारती’वर नवी शाखा उघडली, तिचा पिन प्रायोगिक आहे: एमएच-१७१८. तिकीटसंग्राहक आपली पाकिटं गोव्याला ध्रुवीय संशोधन केंद्राकडे पाठवतात. तिथून मोहिमेला निघालेला एखादा शास्त्रज्ञ ती बरोबर घेऊन जातो, तळावर शिक्का मारतो आणि परत येताना घेऊन येतो. माझ्या ओळखीच्या एका काकांनी अशी तीन पाकिटं पाठवली आहेत. परत कधी मिळणार म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, ‘‘ती माणसं परत आली की.’’